तड्यावरची काच

९ मार्च

इंजिनियरसाहेबांस,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला कुणाच्या मर्जीची गरज नसते. ते दाराच्या फटीतून आत येतं आणि पायाखाली येईपर्यंत तिथेच पडून राहतं.

तुझ्याविरुद्ध परवाना मंडळाकडे तक्रार दिली आहे. मंडळाची नोटीस येईलच, पण त्याआधी तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं. पाठीमागून वार करायची आपल्या घरात रीत नाही. मी समोरून करणार आहे, आणि करताना तुझ्या डोळ्यांत बघणार आहे.

तक्रारीत काय लिहिलंय तेही सांगून टाकते, म्हणजे तुला वकिलाकडे धावायला सोपं जाईल. आपली इमारत चाळिशी ओलांडलेली. एवढ्या जुन्या इमारतीची परवाना असलेल्या इंजिनियरकडून तपासणी करून घ्यायची असा कायदा, आणि सोसायटीत दुरुस्ती कुणालाच नको होती. टेकू लावा, प्लास्टर फोडा, धूळ खा, घर सोडून दुसरीकडे राहा, एवढं कोण करणार? तेव्हा चेअरमनना तुझी आठवण झाली. आपल्याच जिन्यात गुडघे फोडून मोठा झालेला मुलगा! जनरल मीटिंगमध्ये तुझं नाव निघालं तर म्हणे टाळ्या पडल्या. आई तर नंतर कितीतरी दिवस जमिनीवर नव्हती.

तू आलास. आईबाबांच्या तिसऱ्या मजल्यावर खोली संपून गॅलरी सुरू होते, तिथे उंबऱ्याच्या कडेला फरशीत तडा होता. त्यावर तू काचेची पातळ पट्टी आडवी बसवलीस, दोन्ही टोकं पीओपीनं घट्ट. तडा रुंदावला की काच फुटणार. फुटली नाही, तर समजायचं की तडा जुना आहे, हलत नाही. ही युक्ती तू मला मोठ्या हौसेनं समजावली होतीस आणि मला पटलीही होती. मी पडदे शिवणारी बाई, सळ्या आणि सिमेंट मला काय कळणार, पण काच फुटली की फुटली, एवढं मलाही कळतं.

बाबा तुला फोनवर म्हणाले होते, "बारक्या, गॅलरी धुतली की पाणी हल्ली कठड्याकडे जमतंय रे. पूर्वी जाळीतून निघून जायचं." तू काय म्हणालास? "बाबा, काच शाबूत आहे ना? मग निवांत राहा." हे मला बाबांनीच सांगितलं, तेही कौतुकानं. आणि ते निवांत राहिले. सकाळी कुंड्यांना पाणी घालायला गेले आणि गॅलरी त्यांना घेऊन खाली गेली. तुझ्या दाखल्यावर तुझ्या सहीच्या वरच लिहिलंय, गॅलरी वापरण्यास सुरक्षित.

बाबांना पोहोचवून आल्यावर तू माझ्या दारात येऊन उभा राहिलास आणि मी दार लावून घेतलं. त्या दिवशी मला रडू येत होतं. आता येत नाही. आता मला एकच हवंय. तुझा परवाना गेला पाहिजे, आणि पुन्हा कुणाच्या बापाला "निवांत राहा" म्हणायची सोय तुला उरता कामा नये.

आई माझ्याकडे आहे. तिची चौकशी करायची गरज नाही.

तुझी ताई


२१ एप्रिल

इंजिनियरसाहेबांस,

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाचं एवढंसं पत्र! "ताई, मी दर खेपेला स्वतः वाकून पाहिलं. काच शाबूत होती. मला याचा उलगडा होत नाही."

उलगडा होत नाही? मी करून देते. तू यायचास, आईच्या हातचं जेवायचास, जाता जाता गॅलरीच्या दाराशी मान वाकवायचास, आणि खाली चेअरमनच्या घरी चहा प्यायला जायचास. तुला त्या इमारतीत सगळ्यांचा लाडका व्हायचं होतं. लहानपणी पेरू चोरले म्हणून ज्यांनी कान पिरगळले, त्यांनी आता "साहेब, बसा" म्हणायला हवं होतं. त्यांनी म्हटलं. त्यांना दुरुस्ती नको होती आणि तुला कौतुक हवं होतं. दोघांचंही भागलं, मधल्या मध्ये बाप गेला.

परवा वकीलबाईंना घेऊन इमारतीत जाऊन आले. इमारत रिकामी केली आहे. उरलेल्या सगळ्या गॅलऱ्यांखाली लोखंडी टेकू आहेत, दारांना पट्ट्या ठोकल्यात, आणि तळमजल्यावरच्या आजींचं मांजर तेवढं मालक असल्यासारखं फिरतंय. जिन्यात तू लावलेल्या काचा अजून आहेत. त्यांच्यावर काळ्या शाईनं तारीख आणि तुझी सही. वकीलबाई म्हणाल्या की हीच पद्धत आहे. तारीख-सही नसेल तर काच कधीची, कुणी लावलेली, काहीच सांगता येत नाही, आणि अशी काच असून नसल्यासारखी.

मग आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. गॅलरीचं दार उघडलं की आता सरळ आकाश आहे. उंबऱ्याच्या कडेला खोलीच्या बाजूनं तुझ्या काचेचा अर्धा तुकडा अजून चिकटलेला आहे. मी गुडघ्यांवर बसून बघितला, पदरानं पुसून बघितला. त्यावर तारीख नाही, सही नाही, काही म्हणजे काही नाही. वकीलबाईंनी फोटो काढले. त्यांचा चेहरा कधी हलत नाही, पण त्या वेळी हलला.

म्हणजे परक्यांच्या जिन्यात काम केलंस आणि आईबाबांच्या घरात नुसता देखावा. मंडळासमोर मी एवढंच एक वाक्य बोलणार आहे. घरात आरशासमोर पाठ करते. शिलाई मारता मारता सुद्धा करते.

चेअरमन येऊन गेले. डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवला हो त्याच्यावर." मी त्यांना चहा दिला. सोसायटीविरुद्धच्या वेगळ्या तक्रारीत त्यांचं नाव आहे हे त्यांना अजून ठाऊक नाही. सध्या ते जावयाकडे राहतात, आणि तिथे त्यांना टीव्हीचा रिमोट कुणी देत नाही असं त्यांच्या बायकोकडून कळलं. ऐकून बरं वाटलं. कोत्या मनाची म्हण मला हवं तर.

आई विचारते, बारक्या का येत नाही. मी सांगते, कागदपत्रांत अडकलाय. तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय तिनं. ते मला बघवत नाही, म्हणून ती विणायला बसली की मी पुढच्या खोलीतल्या माझ्या शिलाईच्या दुकानात जाते.

ताई


१८ मे

हे पत्र नीट बसून वाच. बायकोला वाचून दाखवू नकोस.

बाबांच्या फोटोची काच माझ्या हातून फुटली. चौकट पुसताना निसटली. मी स्वतःवरच चिडले, तर आई आतून म्हणाली, "त्यात काय एवढं? आपल्या जुन्या घराच्या कोपऱ्यावर काचवाला आहे ना, त्याच्याकडे जा. माझं नाव सांग. मला तो नेहमी पट्ट्या कापून द्यायचा."

"कसल्या पट्ट्या?"

"अगं, बारक्याच्या. गॅलरीतल्या."

मी तिच्यासमोर जाऊन बसले. तिनं सुया खाली ठेवल्या नाहीत. विणता विणता सांगत गेली.

"माझ्याच हातून फुटायच्या मेल्या. केर काढताना झाडू लागायचा. त्यानं किती बजावलं होतं, आई, याला हात लावायचा नाही म्हणून. आता फुटलेली बघितली असती तर ओरडला असता ना? मग आपलं गुपचूप नवी बसवून टाकायची. तुझे बाबा पीओपी कालवून द्यायचे. माझा हात थरथरतो, म्हणून शेवटचा हातही तेच फिरवायचे. हुबेहूब व्हायची गं!" आणि हसली. "इतका मोठा इंजिनियर, पण एकदाही ओळखलं नाही त्यानं."

"कितीदा बदललीस, आई?"

"मोजतंय कोण? शेवटी शेवटी तर लागोपाठच. मी तुझ्या बाबांना म्हटलंसुद्धा, माझ्या हाताला आता काही वळणच राहिलं नाही."

मी दुकानात गेले आणि मशीन चालू केलं. खाली कापड नव्हतं. तिला आवाज जाऊ नये म्हणून मशीनच्या आवाजात रडले, पोटभर रडले.

तुला कळलंच असेल. इंजिनियर आहेस. झाडू लागत नव्हता. गॅलरी भिंतीपासून सुटत होती आणि तुझी काच तिचं काम चोख करत होती. ती पुन्हा पुन्हा ओरडून सांगत होती, आणि आपली आई आणि आपले बाबा, तू रागावशील म्हणून, तिचं तोंड पुन्हा पुन्हा बंद करत होते. तू वाकून बघायचास तेव्हा बाबा मागे उभे असतील. आईकडे बघून डोळे मिचकावत असतील. मला दिसतात.

हे मी पोटात ठेवणार होते. खरंच सांगते. सुनावणी होऊन जाऊ दे, परवाना जाऊ दे, मग कधीतरी दोघंही म्हातारे झाल्यावर सांगू, असं ठरवलं होतं. ठरवून आठवडाही टिकलं नाही. मग वाटलं, हे घेऊन मी एकटीनं का जळायचं?

तेव्हा घे. आता हे तुझ्या हातात आहे. वकिलाला सांग. काचवाला साक्ष देईल, त्याला आई चांगली आठवते, मी जाऊन आले. तू सुटशील. पुरता नाही सुटणार, कारण सही का केली नाहीस हे उरतंच. सही असती तर पहिलीच बदललेली काच तुला ओळखता आली असती. पण परवाना बहुधा वाचेल. फक्त त्यासाठी आईला खुर्चीवर बसवतील आणि विचारतील, काच फुटल्यावर तुम्ही काय केलंत? आणि मग भरल्या खोलीत परकी माणसं तिला समजावून सांगतील की झाडू लागतच नव्हता.

तिला अजून यातलं काही माहीत नाही. ती हसते आहे.

सुटायचं असेल तर तिला ओलांडून जा. मी अडवणार नाही. मी फक्त बघणार आहे.

ताई


२ जून

उत्तर नाही. मला वाटलंच होतं.

वकीलबाईंना मी काचवाल्याचं काही सांगितलेलं नाही. तुझ्या वकिलाकडूनही अजून काही आलेलं नाही असं त्या म्हणतात. म्हणजे ऐन वेळी काढणार असशील. तू पत्तेही तसेच खेळायचास.

आई सुनावणीला येणार म्हणून हटून बसली आहे. "माझ्या मुलाचे कागद अडकलेत आणि मी घरी बसू?" मी तिला अडवलं नाही. अडवायला हवं होतं असं तुला वाटेल. पण तुला जे बोलायचं असेल ते तिच्या तोंडाकडे बघत बोलावं लागेल, आणि हे मला हवंय. इतके महिने मी दुसरं काही मागितलेलं नाही.

ताई


१४ जून

बारक्या,

सुनावणीच्या दिवशी जिन्यात तू थांबला होतास. मी तुझ्या बाजूनं न बघता उतरले. म्हणून हे पत्र.

मला सगळं पुन्हा लिहून काढायचं आहे. तू तिथे होतास, पण तुझी पाठ आमच्याकडे होती. त्या लांबट टेबलापलीकडे मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्यासमोर तू, आणि मागच्या बाकावर मी आणि आई. आई तिची चांगली साडी नेसली होती. तू आत आलास तेव्हा माझ्या कानात म्हणाली, "किती वाळलाय."

मी माझं वाक्य म्हटलं. परक्यांच्या जिन्यात काम, घरात देखावा. चांगलं म्हटलं, आवाज कुठे फाटला नाही. अध्यक्षांनी मान हलवली आणि तुला विचारलं, "घरातल्या काचेवर तारीख-सही का नव्हती?"

तू म्हणालास, "घरची होती, म्हणून केली नाही."

मला वाटलं होतं तू काहीतरी रचशील. शाई पुसली गेली म्हणशील. तू एवढंच म्हणालास आणि मला ते खरं वाटलं, त्याचा मला फार राग आला.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "ही काच मधल्या काळात दुसऱ्या कुणी बदलली असण्याची शक्यता आहे का?" आईचा हात माझ्या मांडीवर होता. तो घट्ट झाला. तुला दिसलं नाही, ती उठत होती. बाकाचा आवाज झाला तो तिचा. भाबडी आहे ती, तुझं काम होत असेल तर सांगून टाकायला निघाली होती. मी तिला धरलं नाही. तेवढं मला कबूल करायलाच हवं, मी हात पुढे केला नाही.

आणि तू घाईनं, जवळजवळ त्यांचं बोलणं तोडून म्हणालास, "नाही. बदलणार कोण? घरात दोन म्हातारी माणसं. काच मीच लावली, मीच बघत होतो. तडा हलत होता आणि मला तो दिसला नाही. चूक माझी आहे."

आई खाली बसली.

पुढचं तुला माहीत आहे. परवाना कायमचा रद्द. वकीलबाईंनी माझा हात हातात घेऊन दाबला. चेअरमन पुढे येऊन म्हणाले, "न्याय झाला हो." मी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "दाखला लवकर द्या म्हणून याच्या मागे कोण लागलं होतं? तुमच्या सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा रुमाल घेऊन या." त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. एवढाच काय तो त्या दिवसातला आनंद.

बसमध्ये आई खिडकीशी बसली. मग बाहेर बघतच म्हणाली, "काच बदलली तर काय होतं गं?"

बारक्या, तिचा आवाज साधा नव्हता. ती तिथे बाकावर बसल्या बसल्या अर्ध्यापर्यंत पोहोचली होती. मी एक शब्द बोलले असते तर उरलेलं अंतर तिनं तिथल्या तिथे तोडलं असतं.

मी म्हटलं, "काही होत नाही, आई. काचेचं काय घेऊन बसलीस? आतल्या सळ्या गंजून गेल्या होत्या. त्यानं हातोडीनं ठोकून बघायला हवं होतं. तो जेवायचा आणि निघून जायचा."

"म्हणजे त्याचीच चूक?"

"त्याचीच."

"तू रागावली आहेस ना त्याच्यावर?"

"आहे. फार रागावलेय."

तिनं श्वास सोडला. मला वाटतं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मोकळा सोडला. माझा हात धरून ठेवला तो आमचा थांबा येईपर्यंत.

तेव्हापासून रोज सकाळी विचारते. चहाचा कप हातात घेते, पण ओठांना लावत नाही. "अजून राग आहे का गं तुझा?" मी म्हणते, आहे. मग ती चहा पिते. एकदा माझी मान दुखत होती, मी नुसतंच हं म्हटलं, तर कप तसाच खाली ठेवला. मग मी तुला शिव्या घातल्या. चांगल्या, मोठ्यानं, शेजारीण डोकावली इतक्या. आईनं कप उचलला, वर मलाच रागावली की भावाला असं बोलू नये.

मला तुझा परवाना हवा होता. मिळाला. इतके महिने मी त्यावर जगले, आणि तू तो असा काढून दिलास की माझ्या हाती काहीच लागलं नाही. मला तू रडायला हवा होतास, खोटं बोलून सापडायला हवा होतास. खोटं बोललास, तेही असं की मला ते पकडता येऊ नये. हे मी विसरणार नाही.

आणि खरा राग आहेच, तो गेलाय असं समजू नकोस. दोन अक्षरं आणि एक तारीख लिहिली असतीस तर बाबा आज कुंड्यांपाशी असते. पण तो राग आता दिवसभर पुरत नाही. संध्याकाळपर्यंत विझत येतो, आणि मग मला मुद्दाम फुंकर घालावी लागते.

आई तुला रविवारी जेवायला बोलावते आहे. ये. दार ती उघडेल. मी तोंड फिरवून बसेन, भांडी आपटेन, तुझ्या परवान्यावरून टोमणे मारेन, आणि तू खाली मान घालून ऐकून घ्यायचं. पुढच्या रविवारीही, आणि ती आहे तोवर दर रविवारी. फक्त माझी माफी मागू नकोस. तिच्यासमोर नको, फोनवर नको, पत्रातसुद्धा नको. तू मागितलीस तर मी देऊन बसेन, आणि मी तुला माफ केलं की आईला कळेल.

ताई